३८ उत्पादनं, जाहिरातीला पैसा एका-दोघांपुरता: पुढे कोणाला करायचं, बंद काय करायचं?

वहीवाली

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज गरज पडली म्हणून पहिला धागा काढते आहे.

आमचा वह्या-डायऱ्या बनवण्याचा छोटा व्यवसाय आहे. मी, माझा भाऊ आणि बांधणीला चौघीजणी. चार वर्षांपूर्वी पाच प्रकारच्या वह्यांनी सुरुवात केली, आज कॅटलॉगमध्ये ३८ प्रकार आहेत. साध्या रेघी, कोऱ्या, आलेखाच्या, ठिपक्यांच्या, खिशात मावणाऱ्या टिपणवह्या, हाताने शिवलेल्या कातडी वेष्टनाच्या रोजनिशा, डावखुऱ्यांसाठी उजवीकडे स्प्रिंग असलेली वही. प्रत्येक प्रकार कुणीतरी मागितला म्हणून आला. आजवर एकही बंद केलेला नाही.

वर्षभराचा जाहिरातीचा पैसा एखाद-दोन उत्पादनं नीट पुढे करता येतील एवढाच आहे. ३८ जणांत वाटला तर कुणाच्याच वाट्याला काही येत नाही, हे गेल्या वर्षी करून पाहिलं. भावाचं म्हणणं, साध्या रेघी वहीचा खप एकूण खपाच्या जवळजवळ निम्मा आहे, सगळा पैसा तिच्यावर लावू आणि तळाचे वीस प्रकार बंद करू. मला वाटतं रोजनिशी पुढे करावी, कारण लोक बोलतात ते तिच्याबद्दल, फोटो टाकतात ते तिचे.

दोन महिने आमचं हेच चाललं आहे. तुम्ही असे निर्णय कसे घेता? मत नको, पद्धत सांगा.

कंदील

भावाच्या बाजूने. एक ना धड भाराभर चिंध्या.

आकडेमोड

दोघांचीही मापं चुकीची आहेत असं स्पष्ट सांगतो, राग मानू नका. भाऊ नग मोजतोय, तुम्ही कौतुक मोजताय. यातलं एकही बँकेत जमा होत नाही.

प्रत्येक प्रकारासाठी एकच आकडा काढा. विक्रीच्या किमतीतून त्या नगामुळेच होणारा खर्च वजा करा: कागद, पुठ्ठा, दोरा, छपाई, खोकं, पाठवणी, वितरकाचं कमिशन, परत आलेला माल. जे उरतं ते त्या नगाचं योगदान. जागेचं भाडं, तुमचा पगार, वीजबिलाचा ठरलेला भाग यात घालायचा नाही, कारण तो प्रकार बंद केला तरी ते खर्च राहणारच.

इथे बरेच जण फसतात. भाडं ३८ प्रकारांवर सारखं वाटलं की तळाचे दहा तोट्यात दिसतात. ते बंद केले की तेच भाडं २८ जणांवर पडतं आणि आता आणखी पाच तोट्यात दिसतात. असं करत करत चांगला धंदा कागदावर मारता येतो.

निळी_शाई

वहीवाली, पहिल्याच धाग्याला एवढा भरीव विषय. स्वागत.

एमबीएला शिकलेलं थोडं लिहिते. बोस्टन कन्सल्टिंग ग्रुपच्या ब्रूस हेंडरसन यांनी १९७० मध्ये मांडलेला चौकोन अजून वापरात आहे. एका बाजूला बाजार किती वेगाने वाढतोय, दुसऱ्या बाजूला सगळ्यात मोठ्या स्पर्धकाच्या तुलनेत तुमचा वाटा किती. वाटा मोठा आणि बाजार वाढता, तो तारा. वाटा मोठा पण बाजार थंडावलेला, ती दुभती गाय. वाटा लहान, बाजार वाढता, ते प्रश्नचिन्ह. दोन्ही कमी, तो कुत्रा. गाईचं दूध काढून निवडक प्रश्नचिन्हांना पाजायचं म्हणजे उद्याचे तारे तयार होतात. साधी वही गाय, रोजनिशी प्रश्नचिन्ह. त्या हिशेबाने जाहिरातीचा पैसा रोजनिशीला जायला हवा.

पाऊलवाट

दुभत्या गाईच्या लाथा गोड, हेही त्यात धरा. सगळ्यात खपणाऱ्या मालावरच वितरक सगळ्यात जास्त सूट मागतो आणि आपण देतो.

आकडेमोड

निळी_शाई, चौकोन माहीत आहे, पण तो इथे लावू नये असं माझं मत. त्यामागचं गृहीतक असं की एकूण उत्पादन दरवेळी दुप्पट होताना नगामागचा खर्च ठरावीक टक्क्यांनी उतरतो, म्हणून मोठा वाटा म्हणजे स्वस्त उत्पादन. हजारो कामगारांच्या कारखान्यांचं ते गणित आहे. सहा माणसांच्या व्यवसायाचा वह्यांच्या बाजारातला 'सापेक्ष वाटा' कुठल्याही प्रकारात शून्याच्या जवळच येणार. मग ३८ च्या ३८ कुत्रेच!

पाऊलवाट यांनी सुटीचं काढलं ते फार महत्त्वाचं आहे. नगामागचं योगदान किमतीच्या ४० टक्के असेल आणि तुम्ही १० टक्के सूट दिलीत, तर पूर्वीइतकंच उरायला ३३ टक्के जास्त नग विकावे लागतात. योगदान २० टक्केच असेल तर त्याच सुटीला दुप्पट खप लागतो. सूट जाहिरातीच्या खात्यात कुणी लिहीत नाही, पण तो तुमचा सगळ्यात मोठा जाहिरातखर्च असू शकतो.

सुतारपक्षी

कंदील यांच्या एका ओळीवर माझा अनुभव, कारण मी हे करून हात पोळून घेतले आहेत.

आमचं फर्निचरला लागणाऱ्या सामानाचं घाऊक दुकान. बिजागऱ्या, कड्या, मुठी, स्क्रू. एका वर्षी हिशेब काढला तेव्हा दिसलं की स्क्रूच्या नऊ-दहा मापांना वर्षातून मोजके डबे एवढाच उठाव आहे. फडताळ अडवतात, पैसा अडकतो, म्हणून बंद केली. पुढच्या सहा महिन्यांत बिजागऱ्यांचा खप उतरला. बिजागऱ्यांना काय झालं ते कळेना. शेवटी एका जुन्या सुतारकाकांनी सांगितलं, "ते आडमाप फक्त तुझ्याकडे मिळायचं. ते घ्यायला दुसरीकडे जावंच लागतं, मग बाकीचं पण तिथूनच घेतो."

तो स्क्रू स्वतः कमावत नव्हता, गिऱ्हाईक धरून ठेवत होता. तळाचे वीस प्रकार बंद करण्याआधी एवढं बघाच, की ते घेणारं माणूस आणखी काय घेतं.

कंदील

माझी ओळ फारच तोकडी होती, आता नीट लिहितो.

मोठ्या कंपन्यांचा अनुभव मात्र कापण्याच्या बाजूने आहे. १९९७ मध्ये स्टीव्ह जॉब्स अॅपलमध्ये परतले तेव्हा मॉडेल इतकी झाली होती की कोणतं कोणासाठी हे सांगणंच कठीण होतं. त्यांनी चार खान्यांचा तक्ता मांडला: सामान्य ग्राहक आणि व्यावसायिक, टेबलावरचा आणि सोबत नेण्याचा. प्रत्येक खान्यात एक, बाकीचं बंद. त्या आर्थिक वर्षात कंपनीचा तोटा अब्ज डॉलरच्या वर होता, पुढच्याच वर्षी ३०.९ कोटी डॉलरचा नफा झाला.

प्रॉक्टर अँड गँबलने २०१४ मध्ये जाहीर केलं की ७० ते ८० ब्रँड ठेवू, शंभरेक सोडून देऊ. ठेवायच्या ब्रँडमधूनच सुमारे ९० टक्के विक्री येत होती. युनिलिव्हरने त्याआधी १,६०० ब्रँडवरून ४०० वर यायचं ठरवलं होतं.

अबोली

कंदील, अॅपलचा नफा केवळ मॉडेल कापल्याने झाला असं म्हणता येणार नाही. साठा कमी केला, उत्पादनाची घडी बदलली, नवं यंत्र आणलं. उदाहरण चांगलं आहे, पण कारणं एकात एक गुंतलेली आहेत.

मला लेगोचं उदाहरण जास्त जवळचं वाटतं. २००३ मध्ये कंपनी मोठ्या तोट्यात गेली. खेळण्यांचे संच वाढले, त्याच्या कितीतरी पटींनी वेगवेगळे तुकडे वाढले आणि प्रत्येक नव्या तुकड्याला वेगळा साचा लागायचा. पुढच्या काही वर्षांत तुकड्यांचे प्रकार सुमारे १३ हजारांवरून ७ हजारांच्या आसपास आणले. मुलांना निवडीला संच होतेच, पण ते कमी तऱ्हेच्या तुकड्यांतून बनवायला लागले.

वहीवाली, तुमच्या ३८ वह्यांत कागदाच्या जाती किती? पुठ्ठ्याचे आकार किती? गिऱ्हाइकाला ३८ दिसू देत, पण तुमच्या कपाटात ३८ तऱ्हेचा कच्चा माल असायची गरज नाही.

वहीवाली

अबोली, आत्ता उठून मोजून आले. कागद ११ प्रकारचे, पुठ्ठ्याचे आकार १४. आलेखाची आणि ठिपक्यांची वही दोन मिलिमीटरने वेगळी आहे आणि का आहे ते आम्हा दोघांनाही आठवेना!

आकडेमोड, राग कशाला, पद्धतच मागितली होती. कागदावर मांडून पाहिलं. रोजनिशीचं नगामागचं योगदान साध्या वहीच्या ९ पट आहे. मी भावासमोर टेबलच वाजवलं. मग त्याने वेळ लावला. एका रोजनिशीला बांधणीचा वेळ साध्या वहीच्या १४ पट लागतो. म्हणजे तासाला साधी वहीच जास्त देते. आता तो टेबल वाजवतोय.

आकडेमोड

भाऊ बरोबर. जिथे अडतं त्या गोष्टीच्या एककावर योगदान मोजायचं. तुमच्याकडे अडतात ते हात.

उंबरठा

थांबा. हात बाराही महिने अडतात का?

आमच्याकडे शिवणकाम चालतं. हंगामात मशीन रिकामं सापडत नाही, तेव्हा तासाचा हिशेब लावायचा. उरलेल्या काळात मशीनही बसून असतं आणि माणूसही, पगार मात्र चालूच. त्या दिवसांत कापडखर्च जाऊन जे उरेल ते सगळं पदरात. एकच वस्तू एका महिन्यात परवडत नाही आणि दुसऱ्या महिन्यात तीच तारते. म्हणून जाहिरात कुठल्या वस्तूची एवढंच ठरवून भागत नाही, कुठल्या महिन्यात हेही ठरवावं लागतं. हंगामात आम्ही वेळखाऊ मालाची जाहिरात पूर्ण थांबवतो.

आकडेमोड

मान्य, अगदी मान्य. हे मी लिहायला हवं होतं.

दुपारचा_प्रहर

निवडीबद्दल एक प्रयोग फार गाजलेला आहे. शीना अय्यंगार आणि मार्क लेपर यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केला. दुकानातल्या एका टेबलावर कधी एकाच वस्तूचे २४ प्रकार मांडले, कधी ६. चोवीस असताना थांबणारे जास्त होते, ६० टक्के विरुद्ध ४० टक्के. पण थांबलेल्यांपैकी विकत घेणारे २४ प्रकारांच्या वेळी ३ टक्के आणि ६ प्रकारांच्या वेळी ३० टक्के. फार पर्याय दिले की माणूस गोंधळून निघून जातो.

अबोली

हा प्रयोग सगळीकडे सांगितला जातो, त्याच्या पुढची गोष्ट कोणी सांगत नाही. २०१० मध्ये अशा ५० प्रयोगांचा एकत्रित अभ्यास झाला, त्यात सरासरी परिणाम शून्याच्या आसपास निघाला. काही ठिकाणी जास्त पर्यायांनी विक्री घटली, काही ठिकाणी वाढली. २०१५ च्या आणखी एका एकत्रित अभ्यासाने कधी गोंधळ होतो ते शोधलं: पर्यायांची तुलना अवघड असेल, ठरवायला घाई किंवा कष्ट असतील, आपल्याला काय हवं हे माणसाला आधी ठाऊक नसेल, किंवा तो नुसता बघायला आलेला नसून ठरवायलाच आलेला असेल, तर.

आलेखाची वही हवी असलेला माणूस ३८ मधूनही ती अचूक उचलेल. 'कुणाला तरी भेट द्यायची आहे' म्हणून आलेला माणूस मात्र बारांतही हरवेल. म्हणून पहिल्या पानावर सहा-सात ठेवा आणि बाकीच्या शोधणाऱ्याला सापडतील अशा मागे ठेवा. दिसणं कमी करायला बंद करावं लागत नाही.

दुपारचा_प्रहर

अरे वा, हे माहीत नव्हतं. शेवटचा परिच्छेद पटला.

जुनी_ट्रंक

अवांतर होईल, पण धाग्यात डावखुऱ्यांची वही आली म्हणून लिहिते. मी डावखुरी. शाळेत सगळ्या वह्यांची स्प्रिंग मनगटाला रुतायची, शाई करंगळीखालच्या कडेला लागायची आणि अक्षर घाण म्हणून ओरडा बसायचा. चाळिशीनंतर पहिल्यांदा उजव्या स्प्रिंगची वही हातात पडली तेव्हा पहिलं पान लिहून झाल्यावर मी ती नुसतीच बघत बसले होते. ज्यांनी बनवली त्यांच्याकडूनच अजून सगळं घेते, साध्या वह्या आणि पाकिटंसुद्धा. तुमची तळाच्या विसात असेल तर कृपा करून तिला हात लावू नका.

शेवाळ

मीही डावखुरा. +१. हात वाकडा करून लिहायची सवय अजून गेलेली नाही.

सुतारपक्षी

जुनी_ट्रंक, तुमची वही म्हणजे आमचा आडमाप स्क्रूच की.

निळी_शाई

माझ्या चौकोनाला आकडेमोड यांनी निकालात काढलं, त्यात तथ्य आहे. पण एक गोष्ट चौकोनात चांगली आहे ती सोडू नये: तो आजच्या पलीकडचं विचारायला लावतो. फोर्डने एकाच मॉडेलवर १९०८ ते १९२७ दीड कोटींहून जास्त गाड्या विकल्या. त्याच काळात जनरल मोटर्सचे आल्फ्रेड स्लोन प्रत्येक खिशाला आणि प्रत्येक गरजेला वेगळी गाडी द्यायचं धोरण मांडत होते. १९२७ मध्ये फोर्डला ते मॉडेल बंद करून कारखाने काही महिने थांबवावे लागले. सगळा पैसा आजच्या साध्या वहीवर लावला तर उद्याची वही कोण बनवणार?

पाऊलवाट

प्रकार वाढवतानाही एक बघायचं असतं, नवा माल जुन्याचंच गिऱ्हाईक खातो का. आम्ही मधल्या मापाची पिशवी काढली. खप जोरात, सगळे खूश. वर्षाअखेरीस कळलं की मोठी पिशवी घेणारेच मधलीवर उतरले आणि मधलीत उरतं कमी. खप वाढून नफा घटला. त्यानंतर नवीन काही काढलं की पहिल्या तीन महिन्यांत शेजारच्या मापांचा खप किती उतरला ते लिहून ठेवतो.

उंबरठा

मूळ प्रश्न जाहिरातीचा होता, त्यावर अजून कुणी थेट लिहिलेलं नाही.

साध्या वहीची जाहिरात केली आणि विक्री झाली, तर त्यातली किती जाहिरातीमुळे झाली? जी वस्तू आपसूक खपते तिची जाहिरात बघणारे बरेच जण ती घेणारच असतात. आम्ही ग्राहकांच्या यादीचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन भाग करतो. अर्ध्यांना संदेश पाठवतो, अर्ध्यांना मुद्दाम पाठवत नाही. सहा आठवड्यांनी दोन्ही भागांची खरेदी शेजारी शेजारी ठेवतो. फरक तेवढीच जाहिरातीची कमाई. पहिल्यांदा केलं तेव्हा सगळ्यात लाडक्या मालाच्या जाहिरातीचा फरक जवळजवळ काहीच आला नाही. दोन वर्षं तो पैसा आम्ही आधीच आपल्या असलेल्या गिऱ्हाइकांवर घालवला होता.

कंदील

उंबरठा यांचा हा प्रतिसाद वाचनखूण म्हणून ठेवला. यादी लहान असेल तर काय करता?

उंबरठा

दोनेकशे नावं असतील तर एका फेरीत काही कळत नाही, योगायोगच जास्त असतो. तीन-चार फेऱ्या करून बेरीज बघायची. किंवा एक महिना जाहिरात चालू, एक महिना बंद, असं आलटून पालटून. तेवढं नेमकं येत नाही, पण अंदाजापेक्षा बरं.

वहीवाली

मंडळी, दहा दिवसांनी परत आले. मधल्या काळात भाऊ आणि मी मागच्या वर्षाची सगळी बिलं काढून बसलो. सुतारपक्षींनी सांगितलं तसं प्रत्येक बिलात काय काय सोबत गेलं ते लिहिलं.

उजव्या स्प्रिंगची वही खपात ३८ मध्ये ३५ वी आहे. भावाच्या यादीत बंद करायच्या पहिल्या पाचांत होती. पण ती असलेल्या दर दहा बिलांपैकी सात बिलांत आणखी किमान दोन प्रकार आहेत, आणि ते ग्राहक परत येतात. गेल्या वर्षीची आमची सगळ्यात मोठी कार्यालयीन ऑर्डर, साध्या रेघी वह्या ४००, ती ज्या बाईंकडून आली त्यांची पहिली खरेदी हीच वही होती. बिल बघून भाऊ बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "हिला पुढे करू." माझी रोजनिशी आणि त्याची साधी वही, दोन्ही बाजूला राहिल्या.

तर ठरलं ते असं. जाहिरातीचा मोठा हिस्सा उजव्या स्प्रिंगच्या वहीला, कारण ज्यांना हवी आहे त्यांना ती कुठे मिळते हेच माहीत नसतं. जुन्या यादीला तो संदेश अर्ध्यांनाच जाईल. साध्या वहीवर जाहिरात शून्य, उलट वितरकाची सूट हळूहळू कमी करायची. रोजनिशीची जाहिरात फक्त कामाच्या मंदीच्या तीन महिन्यांत. बंद करतोय नऊ प्रकार, वीस नाहीत. या नऊंचं योगदानही कमी आहे, कुठल्या बिलात ते दुसऱ्याला सोबत आणत नाहीत आणि प्रत्येकाला शेजारचा प्रकार चालण्यासारखा आहे. कागद अकरावरून पाचांवर येतील. यापुढे नवा प्रकार घ्यायचा तर एक जुना बंद करून, हे भिंतीवर लिहून लावलं आहे.

मुद्द्याला न जुमानणारी एक गोष्ट राहिली. बंद करायच्या नऊंत आमची पहिली वही आहे, जिच्यापासून सुरुवात झाली ती. आकडे तिच्या विरुद्ध आहेत. भाऊ म्हणतो ठेवू, मी म्हणते थांबवू. म्हणजे आमच्या बाजू उलटल्या.

आकडेमोड

ठेवा. वर्षाला पन्नास बनवा, कॅटलॉगात नको, विचारणाऱ्याला द्या. कागद त्या पाचांतलाच वापरा म्हणजे जास्तीचा खर्च जवळपास नाही.

जुनी_ट्रंक

वहीवाली, डोळ्यांत पाणी आलं वाचून. एकच विचारते, उजव्या स्प्रिंगमध्ये ठिपक्यांची पानं मिळतील का?

वहीवाली

ट्रंकताई, मिळतील. आता पहिल्यांदाच भिंतीवरचं वाचून हो म्हणते आहे: उजव्या स्प्रिंगची कोरी कुणीच घेत नाही, ती बंद करून तिच्या जागी ठिपक्यांची घेते. पुढच्या महिन्यात तयार होईल.